कुरडयांचे तीन डबे

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचता-लिहिता येतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पोरीच्या जुन्या वहीत काही पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर लिहिते आहे.

आमचं गाव देवळा तालुक्यात. त्या उन्हाळ्यात पोरगी तिसरी पास होऊन चौथीत जाणार होती. सुट्टी लागताना सरांनी वर्गात सांगितलं होतं, ज्यानं सुट्टीत काही नवं पाहिलं असेल त्यानं शाळा उघडल्यावर उभं राहून सांगायचं. पोरीनं समुद्र ठरवला. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तिनं राखेनं घासली, दोन दिवस उन्हात वाळवली. तिच्यात समुद्राचं पाणी आणायचं आणि वर्गातल्या सगळ्यांना बोट बुडवून चाखायला द्यायचं, असा तिचा बेत होता.

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरून झाला होता. आमचे हे बऱ्या मनात होते. म्हणाले, "या खेपेला कुणाच्या लग्नाला नाय, दवाखान्याला नाय. नुसतं हिंडायला मुंबईला जायचं. तीन दिवस. ओझं नको, घाई नको, हात हलवत जायचं." मुक्काम नणंदेकडे, भांडुपला. एक दिवस राणीच्या बागेचा, एक दिवस समुद्राचा. ह्यांनी कागदावर लिहूनसुद्धा काढलं. समुद्र मीही पाहिलेला नव्हता. ते मी कुणाला बोलले नाही.

पण मे महिना म्हणजे घरोघरी वाळवणाचे दिवस. आम्ही जाणार हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारची मावशी डबा घेऊन आली. तिचा मुलगा कुर्ल्याला राहायचा.

"जातेस तर एवढ्या कुरडया दे त्याला. डोक्यावर थोड्याच न्यायच्यात? मांडीवर ठेव. पण जपून हां, मोडतात."

मी डबा घेतला. मग मागल्या आळीतून एक डबा आला, विक्रोळीला द्यायचा. तिसरा चुलत सासूबाईंचा, त्यांच्या माहीमच्या लेकीसाठी. हे चिडले. "अगं, नाय म्हणता येत नव्हतं का तुला?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "हिला नाय म्हणता येत असतं, तर बघायला गेलो तेव्हाच तुला नसती का म्हणाली?"

सगळे हसले. मीही हसले.

गाडीत एक डबा माझ्या मांडीवर, एक पोरीच्या, एक ह्यांच्या. कसाऱ्याच्या घाटात धाकट्या पोराला उलट्या झाल्या, तेव्हा त्याला धरायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

आमच्याकडे कुरडया कुणाच्या तरी हाती देऊन मोकळं होता येत नाही. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन द्यायच्या. बसायचं, चहा घ्यायचा, माणूस कसा दिसतो ते बघायचं, कारण गावी गेल्यावर ते विचारलं जातं. आणि डबा कुणी रिकामा परत देत नाही. त्यात काहीतरी घातल्याशिवाय तो आपल्या हातात येत नाही. पहिला दिवस प्रवासात आणि विक्रोळीच्या घरी गेला, दुसरा कुर्ल्याला. कुर्ल्याच्या सूनबाई डबा भरायला फरसाण आणायला गेल्या, तर तासाभरानं आल्या. राणीची बाग बंद व्हायच्या बेताला आम्ही फाटकाशी पोहोचलो. धाकट्याला हत्तीची पाठ तेवढी दिसली.

नणंद म्हणाली, "दादा, तू फिरायला आलायस का पोस्टमन झालायस?"

"तुझ्या वहिनीला विचार," हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी अडीचची परतीची गाडी होती, दादरहून. पण माहीमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर होता. ह्यांनी आम्हाला दारात सोडलं आणि म्हणाले, "मी तिकिटं काढून येतो. धाकट्यालाही नेतो. तू नुसता डबा दे आणि पोरीला घेऊन खाली येऊन थांब. मी आलो की सरळ समुद्रावर."

चुलत सासूबाईंची ती लेक मला पाहून रडायलाच लागली. दोन वर्षं माहेरी गेली नव्हती. डबा उघडून एक कच्ची कुरडई तिनं मोडून तोंडात टाकली. आई कशी आहे, गुडघे दुखतात का, विहिरीला पाणी आहे का. मी हो-नाही म्हणत गेले. मग ती उठली आणि तिनं रवा काढला.

"रिकामा डबा कसा देऊ आईला? लाडू करते. वेळ नाही लागायचा."

पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात बाटली. "आई, चल ना."

"समुद्र काय पळून जातोय का गं?" बाई हसत म्हणाली. "वहिनी, तुम्ही जरा वळू लागा, म्हणजे लवकर होईल."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ताई, पोरीला आत्ताच न्यायचंय, लाडू राहू द्या. एवढंच. एकदा मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती आईसाठी डोळे पुसत पुसत रवा भाजत होती. मी पाटावर बसले आणि लाडू वळायला लागले. मिश्रण गरम होतं, तळहात भाजत होते. मी भराभर वळत होते, जणू तेवढ्यानं वेळ मागे येणार होता. पोरगी दारातच उभी राहिली. पुन्हा "चल" म्हणालीच नाही. बाईनं तिच्या हातावर लाडू ठेवला, तो तिनं खिडकीत ठेवून दिला.

हे वाट बघून वर आले तेव्हा पानं वाढली होती. जेवल्याशिवाय बाई सोडेना. हे माझ्याकडे बघत होते, मी ताटाकडे. निघालो ते थेट गाडीवर.

ठाण्याच्या पुढे खाडीवरचा पूल लागला. हे एकदम पुढे वाकून म्हणाले, "ए, तो बघ, समुद्र!"

पोरीनं काचेला नाक लावून पाहिलं. मग म्हणाली, "अण्णा, ह्याला पलीकडचा काठ आहे. समुद्राला नसतो."

हे परत मागे टेकून बसले. लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता, अजून कोमट.

चुलत सासूबाईंनी लाडू मोजले, एक फोडून पाहिला. "माझी लेक सुगरणच," म्हणाल्या. मी मान हलवली.

शाळा उघडली त्या सकाळी मी गाईला पाणी दाखवून घरात आले. पोरगी चुलीपाशी बसली होती. मिठाची बरणी उघडी. ती बाटलीत मीठ टाकून हलवत होती, जिभेवर थेंब घेऊन बघत होती, परत टाकत होती. मी दारातच थांबले. आत जावं, तिला जवळ घ्यावं, निदान रागवावं, असं सगळं वाटलं. मी पाऊल न वाजवता मागे आले आणि ती निघून जाईपर्यंत गोठ्यात उभी राहिले. नंतर सांडलेलं मीठ झाडून घेतलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "सरांनी चाखलं. शाबास म्हणाले." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

आता ती लग्न होऊन मुंबईलाच आहे. परवा तिचा फोन आला होता. "आई, या मे महिन्यात तू ये. एकटी ये. मी तुला समुद्रावर नेते. फक्त येताना कुणाचं काही आणू नकोस. एवढं करशील?"

"नाही आणणार," मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या मावशीची गावात राहणारी धाकटी सून ओट्यावर बसलेली होती. मी मुंबईला जाणार, एवढं तिच्या कानावर पडलं होतं. आज सकाळी ती डबा ठेवून गेली. फळीवर आहे. झाकणाला दोरी बांधली आहे, कुरडया मोडू नयेत म्हणून.