पाइनची वाडी

ख्रिसमसचं झाड घरात आणायला माझा पहिल्यापासून विरोध होता. देवघर आहे, कुंडीत तुळस आहे, आता हे आणखी कशाला? पण मुलं अमेरिकेत जन्मलेली. शेजारच्यांच्या खिडकीतलं झाड बघून घरी भोकाड पसरायची. शेवटी मी हात टेकले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही ॲन आर्बरला होतो, नवरा युनिव्हर्सिटीत. तिथून अर्ध्या तासावर एका म्हाताऱ्याचं ख्रिसमसच्या झाडांचं शेत होतं. करवत घ्यायची, आवडेल ते झाड आपणच कापायचं. दर डिसेंबरात जाऊ लागलो आणि खरं सांगते, मुलांपेक्षा मलाच तिथे जायची घाई असायची. त्या पाइनच्या रांगांमधून चालताना मला आमची वाडी आठवायची.

आमची वाडी कोकणातली, माडांची आणि पोफळींची, पणजोबांपासून चालत आलेली. मी एकुलती एक. आई गेल्यावर बाबांनी दोन पावसाळे एकट्याने रेटले, मग गुडघ्यांनी दगा दिला. एका रविवारी फोनवर म्हणाले, "वाडी विकली गो. माणूस बरा मिळाला." मी म्हटलं, "बरं केलंत." फोन ठेवला आणि बाथरूमचं दार लावून ढसाढसा रडले.

त्याच हिवाळ्यात बाबा आमच्याकडे आले. झाड आणायला त्यांनाही नेलं. अंगात जावयाचं ढगळ जॅकेट, डोक्याला माकडटोपी, अशा थाटात स्वारी बर्फातून रांगा तपासत निघाली. "अंतर बघ कसं राखलंय. ह्याला कळतं हो!" मुलं ओरडत होती, "आजोबा, कम ऑन, इट्स फ्रीझिंग!" आजोबा कसले ऐकतायत! एकेक खोड हाताने चाचपून बघत होते.

झाड कापून शेडमध्ये आलो, तर म्हातारा स्टोव्हजवळ खुर्चीत बसलेला, आणि गिऱ्हाइकांना झाडं बांधून देत होती त्याची मुलगी. शिकागोतली ऑफिसची नोकरी सोडून ती शेत सांभाळायला आली होती. दोघांची चांगलीच जुंपली होती. उताराकडच्या तुकड्यात तिला नव्या जातीची रोपं लावायची होती आणि म्हातारा म्हणत होता, आपल्या मातीत ती जगायची नाहीत.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

बाबा एकदम खूश. "बापाशी भांडत्ये म्हणजे मनापासून करत्ये. आता विचार त्याला, पोरीला परत आणलीस कशी?"

मी विचारलं. म्हातारा हसला. "आणतोय कसली! विचारलं. नाही म्हणाली. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं."

आता हे बाबांना मराठीत सांगायचं होतं. वाटलं, द्यावी काहीतरी थाप ठोकून. पण सांगितलं, जसंच्या तसं. बाबांनी नुसतं "असं होय" म्हटलं आणि हात स्टोव्हपुढे शेकत उभे राहिले.

परत निघालो. टपावर झाड बांधलेलं, मागच्या सीटवर मुलं बाबांच्या अंगावर रेलून झोपलेली. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"बाबा, मला एकदा विचारायचं होतंत."

"काय गो?"

"उगाच वेड पांघरू नका. वाडी विकण्याआधी मला विचारायचं होतंत."

ते हळूच म्हणाले, "तुझा संसार इथे, मुलं इथली, जावयांची नोकरी इथे. तू आली असतीस?"

"नसते आले!" मी इतक्या जोरात म्हटलं की नवऱ्याने दचकून ब्रेक दाबला. "नसते आले, बाबा. पण माझीही होती ना ती? विचारायचं तरी होतंत."