शांतामावशीच्या मानेवरचा चौकोन

माझी मावशी कॅन्सरने गेली, असं सगळे म्हणतात.
खोटं आहे. कुणी तपासलं नाही म्हणून गेली.

आज तिचा स्मृतिदिन. दरवर्षी गप्प बसते. यंदा नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. शांतामावशी घशाची गाठ घेऊन इंझोरीहून नागपूरला आली. मी तिथे नोकरीला होते, म्हणून माझ्याकडेच राहिली.

हॉस्पिटलमध्ये कोबाल्ट मशीनचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला. तो नेमका कुठे द्यायचा, त्यासाठी मानेवर जांभळ्या शाईचा चौकोन काढला. ताकीद दिली, पुसू द्यायचा नाही.

मग मशीनच बंद पडलं. गावी जा म्हणाले, कळवू.

गावी कापसाची वेचणी. घामाने चौकोन विरत गेला आणि मावशीचा धीर सुटला.
सासूने उपाय काढला. कारंज्याच्या बाजारातून गोंदणारीण आणली.

खालची रेघ उरलीच नव्हती. तिने ती अंदाजाने गोंदली. दोन बोटं वर.

मावशी खुशीत परतली.
"पक्कं करून आनलं. आता पुसाची भानगडच नाही."

टेक्निशियन हसला. चार जणांना बोलावून दाखवलं. आणि त्याच चौकोनावर मशीन लावलं. गोंदलेलं आहे, म्हणजे बरोबरच असणार!

खरं तर तपासणं सोपं होतं. मानेमागे एक्स-रे फिल्म धरायची, मशीन क्षणभर चालवायचं. किरण कुठून गेले ते फिल्मवर दिसतं. पहिल्या दिवशी काढली होती, मी पाहिली होती.

मी पुन्हा काढा म्हटलं. फिल्मचा तुटवडा आहे, मॅडम. पुढच्या आठवड्यात फिल्म होती, साहेबांची सही नव्हती.

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पेपर देण्याआधी प्रत्येक उत्तर पुन्हा वाचायला लावायच्या. गणितात मार्क जाऊ नयेत म्हणून. इथे तर बाईचा गळा होता.

शेक संपला, गाठ वाढतच राहिली. तेव्हा कुठे फिल्म निघाली.
गाठीचा खालचा भाग चौकोनाच्या बाहेर.

मोठे डॉक्टर ज्युनिअरला इंग्रजीत म्हणाले, या खेडवळ लोकांना अक्कल नसते. लुगडेवालीच्या सोबतिणीला काय कळणार, असं वाटलं असेल. मी त्यांच्याच इंग्रजीत विचारलं, गोंदणारणीने सुईने चूक केली, तुम्ही डोळे असून काय केलंत?

साहेब राउंडला निघून गेले.

मावशी मात्र त्यांच्या पाठीला हात जोडून उभी होती. माफी मागत.

परतीच्या एसटीत तिचा आवाज जेमतेम फुटत होता.
"त्याइले काई म्हनू नको वं. मीनंच हुशारी केली."

मी म्हटलं, मावशी, तुझी चूक नाही. बघायचं काम त्यांचं होतं.

ती माझ्याकडे वळली.
"डॉक्टर तसे म्हनले काय?"

नव्हते म्हणाले.
कधीच म्हणाले नाहीत.

जयभीम, मावशी.