चक्क वेळेवर

ऑफिसात सगळे तिला वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की पूर्ण. सव्वीस वर्षं ती एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होती. वेलांटी, उकार, अनुस्वार एवढंच तिचं राज्य. अर्थ हा संपादकांचा प्रांत. तिकडे ते फारसे फिरकत नसत, हा भाग वेगळा. बातमीत काय म्हटलंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. शुद्ध म्हटलंय ना, एवढं बघून ती पानाच्या कोपऱ्यात सही ठोकायची, आणि मग ते पान छपाईला जायचं.

त्या बुधवारी दुपारी मनोरंजन पुरवणीचं पान तिच्या टेबलावर आलं. वरच्या अर्ध्यात तिच्या धाकट्या भावाच्या रेगे बँडची बातमी होती. रेगे म्हणजे जमैकाचं डुलत्या ठेक्याचं संगीत; लोकांच्या डोक्यात त्याच्याशी गांजाच जोडलेला. भाऊ वीस वर्षं बेस गिटार वाजवत होता आणि आता त्याने एका शाळेत संगीतशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, “कार्यक्रमाबद्दल काही छापून आलं तर आणून द्या, कमिटीला दाखवायला बरं पडतं.” त्यामुळे वेलांटीबाईने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एखादी बातमी वाचक म्हणून वाचली.

‘रेगेचा कार्यक्रम चक्क वेळेवर सुरू झाला. वादक नीटनेटक्या कपड्यांत होते आणि श्रोत्यांशी सभ्यपणे बोलले. तीन तास जमाव डोलत होता. कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.’

बातमी कौतुकाची होती. पाहुणे निघाल्यावर यजमानांनी त्यांच्यासमोरच चमचे मोजावेत आणि “सगळे आहेत हं!” म्हणून तोंड भरून हसावं, त्या जातीचं कौतुक.

खाली एका लाडक्या गायिकेचा कार्यक्रम होता. ‘तिने रसिकांची उत्कंठा दीड तास ताणून धरली.’ म्हणजे बाई दीड तास उशिरा आल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मोडल्या, तर तो ‘उत्साहाला आलेला पूर’ होता. वर जमाव, खाली रसिक. सभागृह एकच.

तिने कपाटातून पुरवणीच्या वर्षभरातल्या तपासलेल्या पानांचा गठ्ठा काढला. रेगे म्हटलं की ‘धुंद’, ‘सुस्तावलेले सूर’, ‘आश्चर्य म्हणजे’. गेल्या मार्चच्या पानावर कुणीतरी ‘अनूचित’ लिहिलं होतं. तिने लाल शाईने दुसरा उकार खोडून पहिला दिला होता आणि खाली सही केली होती. चूक सापडल्याचा त्या दिवशी झालेला आनंदही तिला आठवला. नासलेलं दूध नीट गाळून, भांडं बाहेरून लख्ख पुसून, वर झाकण घालून तिने घरोघरी धाडलं होतं.

ती पान घेऊन पुरवणीप्रमुखाकडे गेली.

“हा ‘चक्क’ काढा.”

“का? क ला क जोडलाय की बरोबर.”

“वेळेवर सुरू झाला, एवढं पुरे.”

“अहो बाई, मी स्वतः होतो तिथे. झाला वेळेवर. यात खोटं काय आहे?”

“काहीच नाही.”

“आणि मला रेगे आवडतं हो! कॉलेजात असताना माझ्या खोलीत पोस्टर होतं.”

“मग शेवटचं वाक्य खालच्या बातमीतही टाका. गायिकेच्या कार्यक्रमात कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.”

त्याच्या कपातला चहा बशीत आला. “भलतंच काय! त्या कोर्टात खेचतील मला. लोक विचारतील, असं लिहायची गरजच काय पडली?”

“मी पण तेच विचारतेय.”

त्याने दोन्ही बातम्या पुन्हा वाचल्या. अगदी मन लावून वाचल्या. मग घड्याळ बघितलं. “तुमचा भाऊ आहे ना त्या बँडमध्ये? म्हणून लागतंय तुम्हाला.”

हेही खरं होतं, आणि त्यानेच तिला जास्त शिसारी आली. भाऊ नसता तर तिने आजही उकारच तपासला असता. ती सही न करता जागेवर जाऊन बसली. प्रमुखाने स्वतःच सही केली आणि पान होतं तसं गेलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा भाऊ कात्री घेऊन बसला होता.

“ताई, सगळ्यांची नावं आलीत बघ, आडनावांसकट!”

“ते शाळेत नको नेऊस.” तिने त्याला एकेक शब्द दाखवला. तो कापायचा थांबला नाही.

“मला वाचता येत नाही असं वाटतं का तुला?” तो म्हणाला. “आमच्यावर आजवर जे लिहून आलंय, त्यात हे सगळ्यात बरं आहे. बाकीची कात्रणं आहेत ड्रॉवरमध्ये. बघायचीत?”

तिला बघायची नव्हती. ती तिनेच पास केली होती.

आठवड्याने शाळेचं पत्र आलं. नेमणूक झाली होती, ‘पहिले सहा महिने वर्तन पाहून’. त्याच दिवशी नेमलेल्या चित्रकलेच्या बाईंच्या पत्रात ही ओळ नव्हती; भावाने फोन करून खात्री करून घेतली होती. तरी त्याने उत्तर लिहिलं आणि तपासायला ताईपुढे ठेवलं. ‘माझ्या वर्तनाबद्दल तक्रारीला जागा राहणार नाही, अशी ग्वाही देतो.’

तिने पूर्ण ओळीवर काट मारली.

“अगं, शुद्ध होतं ते!”

“होतं.”

“नोकरी घालवशील माझी. तुझं काय जातंय?”

तिने कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने काट मारलेली ओळ पुन्हा वाचली. मग पुटपुटत दोन शिव्या हासडल्या, त्यातली एक बहुधा तिलाच होती, आणि नवा कागद ओढला. ‘सोमवारी सकाळी रुजू होतो,’ एवढंच लिहिलं, सही केली, आणि तिच्याकडे तपासायला न देता पाकीट चिकटवून टाकलं.