फाटकावरचं पहिलं वाहन

ती घटना विसरायची सोयच नाही. ते रेल्वे फाटक माझ्या घरापासून दोन मिनिटांवर आहे. मुदतीआधी सेवानिवृत्ती घेतली, त्यालाही आता काही वर्षं झाली. फाटक मात्र रोज लागतं.

हिंगोली जिल्ह्यातलं गजबजलेलं शहर. मी तिथे पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आपल्या लोकांची एक खोड आहे. फाटक लागलं की डाव्या बाजूला रांगेत थांबायचं नाही. उजवीकडे मोकळं दिसलं की तिकडून पुढे जायचं आणि फाटकाला नाक लावून उभं राहायचं. पलीकडचेही तेवढेच शहाणे. मग फाटक उघडलं की दोन फौजा समोरासमोर.

त्या दिवशी सकाळची पॅसेंजर गेली, फाटक उघडलं आणि वाहनं रुळांवरच अडकली. मागून दुसरी गाडी यायची होती. फाटक लागेना म्हणून तिला सिग्नल मिळेना. गेटमन शिट्टी फुंकत एकेकाला मागे घ्यायला सांगत होता. दोघांनी त्यालाच खाली पाडून मारलं. हात मोडला.

मारणारे दोघे मोबाईलच्या चित्रीकरणावरून संध्याकाळपर्यंत आत आले. ते सोपं होतं. पण रेल्वेने गेटमनला निलंबित केलं आणि आम्हाला पत्र पाठवलं. गेटमनचं म्हणणं होतं, उलट्या बाजूने घुसणाऱ्या पहिल्या वाहनाला त्याने झेंडा दाखवून अडवलं, ते ऐकलं नाही, आणि त्याचं पाहून बाकीचे घुसले. हे खरं का, ते कळवा. खरं ठरलं तर तो कामावर परत, नाहीतर निष्काळजीपणाचा ठपका.

मी दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो. "वाहन कोणतं होतं?"

तो प्लॅस्टरकडे बघत राहिला. "तेवढं सोडून बाकी सगळं लिहा, साहेब."

मला रागच आला. याच्यासाठी आम्ही उन्हातान्हात फिरायचं आणि याच्या तोंडून शब्द निघत नाही!

चित्रीकरणातले नंबर काढून उलट्या बाजूचे चालक ठाण्यात बोलावले. हट्ट्याचा हळदीचा पिकअपवाला म्हणाला, "माझ्यापुढं शेळ्यांचा टेम्पो व्हता." शेळीवाला म्हणाला, "मी तं ट्रॅव्हल्सच्या मागं जाऊन राहिलो व्हतो. मला काय इचारता, शेळ्यायला इचारा!" ट्रॅव्हल्सवाल्याने वारंगा फाट्याच्या जीपवाल्यावर ढकललं. दोन दिवस हेच. प्रत्येकाच्या पुढे कोणीतरी होतं. स्वतःहून चुकलेला एकही माणूस जिल्ह्यात नव्हता.

जीपवाला शेवटचा. त्याच्यापुढे कोण?

"कोन्हीच न्हाई, साहेब."

"मग तू काहून घुसलास?"

"रस्ता मोकळा दिसला." मान खाली. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. तो घामाघूम झाला, पण बोलला नाही. माझा गाडीचालक दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला.

हवालदाराने सुचवलं, "साहेब, फाटकाजवळ ते स्टोव्ह दुरुस्त करणारे चाचा हाएत. दिवसभर रेल्वेच बघतेत. त्यायला बराबर ठाऊक राहील."

म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "बसा साहेब, अकोल्याची यायलीच." गाडी डबा-डबा करत पूर्ण जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मी वैतागून विचारलं, "चाचा, त्या दिवशी उलट्या बाजूनं सगळ्यात पुढं कोण होतं?"

"तुमी."

"काय?"

"तुमची गाडी. तुमी मोबाइलवर बोलून राहिले व्हते. त्या गरिबानं झेंडा आडवा केला, तुमच्या डायवरनं हात हालवला. फाटक उघडलं तशे तुमी पैले निघून गेले. मागचे फसले. पोलिसाची गाडी गेल्यावर लोक काहून थांबतील?"

मला आठवलं. कलेक्टर कचेरीत बैठक होती. "घे पुढे," एवढंच मी म्हणालो होतो. फोनवरून नजरही काढली नव्हती. पंधरा मिनिटांनी याच कोंडीची खबर आली, तेव्हा लोकांना शिस्त नाही म्हणून शिव्या घालत परतलो होतो.

चाचाचा जबाब मी नोंदवला नाही. अहवालात लिहिलं : 'प्रथम वाहन निष्पन्न होत नाही.' गेटमनवर ठपका आला, दूरच्या स्टेशनावर बदली झाली, लेकरांची शाळा अर्ध्यात सुटली. आज लिहून देतो. वाहन निष्पन्न झालं होतं. ते माझं होतं.

या तपासाने मला एवढंच शिकवलं, की साक्षीदार गप्प असेल तर तो कोणाला भितो हे आधी बघावं. मी समोर बसून, ओरडून विचारत होतो आणि माझ्याच भीतीनं ते मुके झाले होते.

हल्ली संध्याकाळी मी चाचाच्या पायरीवर बसतो. परवा फाटक लागलं आणि उजवीकडून एक पोलिसांची गाडी सरळ पुढे येऊन उभी राहिली. चालक पूर्वी माझ्याच हाताखाली होता. त्याने सलाम केला. मी उठलो, गाडीसमोर जाऊन उभा राहिलो.

"मागे घे."

"साहेब, घेतो कुठं? मागं जागाच न्हाई."

मी गाडीच्या मागे पाहिलं. पिकअप, टेम्पो, ऑटो, वळणापर्यंत उजवीकडेच रांग लागली होती.