बाहेरचं जेवण

गरम चिप्सवर व्हिनेगर पडल्याचा वास आला, की मला समुद्राकाठचं ते हॉलिडे पार्क आठवतं. आईनं लेस्टरच्या घरून कुकर आणि डाळ-तांदूळ आणले होते, त्यामुळे कॅरॅव्हॅनमध्ये, त्या भाड्याच्या चाकांवरच्या घरात, रोज वरणभात. चौथ्या दिवशी मी रडून गोंधळ घातला, "एकदा तरी बाहेर जेवू या ना!"

मग आम्ही तिथल्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. मी फिश अँड चिप्सवर ताव मारला. चिप्स प्राण्यांच्या चरबीत तळतात हे कळल्यावर शाकाहारी आईनं नुसते उकडलेले मटार खाल्ले आणि म्हणाली, "छान आहेत हं."

परतल्यावर ती सिंकपाशी उभ्यानंच सकाळचा गार भात खायला लागली.

"बाबा, आई दोनदा जेवतेय!" मी हसत ओरडलो. बाबा हसले नाहीत.

ती पहिल्यांदाच जेवत होती, हे मला आता कळतं.