बोलता बोलता बंद पडणारा डबा

मंडळी, आज मन कडू झालंय म्हणून लिहितेय.

लकव्यानंतर माझ्या बाबांची वाचा गेली. त्यांच्यासाठी मी छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर एक डबा बनवलाय. बटण दाबलं की तो 'पाणी द्या', 'दुखतंय' असं बोलतो. आज सकाळी त्यावर वाशीहून आणलेले दोन नवे बोर्ड बसवले, एक चालू-बंद करायला आणि एक आवाज मोठा यायला. दोन्ही एकाच कंपनीचे, सेट म्हणून घेतलेले.

बाबांनी 'पाणी'चं बटण दाबलं आणि डबा मध्येच बंद पडला. परत चालू केला, परत तेच. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

सुट्टी टाकून सगळं तपासत बसले. दुपारी कळलं, दोन्ही बोर्ड एकच पिन वापरतात, म्हणजे कॉम्प्युटर बोर्डशी संदेश देवाणघेवाण करायचा जोड दोघांचा एकच. आवाज सुरू झाला की स्विचच्या बोर्डला वाटतं, कुणीतरी बंद करायला सांगितलं.

कंपनीला फोन केला. "मॅडम, हे दोन्ही एकत्र नाही वापरायचे."

"मग सेट म्हणून का विकता?"

"ते सेल्सवाले बघतात. आणि हा हॉबीवाल्यांचा माल आहे, एवढं काय टेन्शन घेता?"

मी स्विचची पिन बदलली. डबा आता नीट चालतो, पण बाबा त्याला हात लावत नाहीत. मी त्यांचं बोट बटणावर ठेवलं, तर त्यांनी मागे घेतलं. त्यांना वाटतंय, डबा त्यांनीच बिघडवला. किती समजावलं तरी नुसती नकारार्थी मान हलवतात.

संध्याकाळी तहान लागली तेव्हा त्यांनी रिकामा पेला जमिनीवर आपटला.

तुमच्यापैकी कुणी सांगाल का, त्यांना हे कसं पटवू?