सकाळची उंची

भरतीच्या दिवशी सकाळी तिला घरातून उचलून बाहेर काढलं, तेव्हा समोरच्या काकूंच्या हातातलं दुधाचं भांडंच कलंडलं.

"अगं बाई! काय झालं पोरीला?"

"काही नाही काकू," तिचा भाऊ म्हणाला. त्यानं तिला खांद्यांकडून धरलं होतं, आईनं पायांकडून. "उभी राहिली तर उंची सांडेल."

काकूंना काही कळलं नाही, आणि समजावत बसायला वेळ नव्हता. पुढे वहिनी चालली होती, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, छातीशी सगळ्या दाखल्यांची फाईल धरून. भाऊ लोकांचं फर्निचर पोचवायची गाडी चालवायचा. त्या गाडीत मागे, कुणाच्या तरी नव्या कपाटाशेजारी, गादी घालून तिला आडवं ठेवलं.

गोष्ट अशी होती. अग्निशमन दलात बायकांना उंची लागते एकशे बासष्ट सेंटिमीटर. ही सकाळी उठल्या उठल्या भरायची एकशे बासष्ट आणि वर मिलिमीटरच्या तीन रेषा, आणि संध्याकाळी कामावरून आली की एकशे एकसष्ट आणि सात रेषा. दिवसभर उभं राहून माणसाचा कणा दबतो, म्हणून उंची काठावर असेल तर मोजेपर्यंत पाठ जमिनीला टेकलेलीच ठेवायची, असं भरतीच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. वहिनीनं ते मनावर घेतलं. आदल्या दुपारपासून नणंदेला तिनं उठूच दिलं नव्हतं. जेवणसुद्धा कुशीवर वळून.

गल्लीत तिला फायरबाई म्हणायचे. गेली तीन वर्षं ती कामाआधी मैदानावर पळायची, दोर चढायची. ती दिसली की कुणी ना कुणी हाक मारायचंच, "ओ फायरबाई, आमच्या सासूबाई पेटल्यात, या लवकर विझवायला!" ती हसायची. दोनदा तिचं नाव यादीत थोडक्यात हुकलं होतं. आता एकोणतीस सरत आलं होतं आणि तिशीनंतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे हीच खेप, पुढे काही नाही.

एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं. तिथं ती आठ वर्षं चादरी इस्त्रीच्या रोलरमध्ये घालत होती. खिडकी नाही. कपडे चोरीला जातात म्हणून दाराला बाहेरून कुलूप, ते जेवणाच्या सुट्टीलाच उघडायचं. घरी यावं तर पुढच्या खोलीत भाऊ-वहिनी, आणि स्वयंपाकघरात ओटा आणि कपाट यांच्यामधल्या पट्टीत ती आणि आई. पाय लांब केले तर सिलिंडरला लागायचे. त्यात आता बाळ येणार. वहिनी स्वभावानं वाईट नव्हती, गोडच बोलायची, "पाळणा कुठं मावेल ते आता बघायला हवं हं." ते ऐकलं की ही पाय आणखी जवळ घ्यायची.

भरती झालेल्यांना राहायला खोली मिळते. आईला तिनं एकदाच सांगितलं होतं, "मला वर्दीचं एवढं नाही गं. कडी हवी. आतून, आपली आपण लावायची."

"कडीसाठी आगीत शिरणार होय?"

"लोक कशाकशासाठी शिरतात."

तेव्हा ती निवडली जावी असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. कारणं ज्याची त्याची होती, इतकंच.

गाडीत ती छताकडे बघत पडली होती. वळणावर कपाट हलायचं, मग आई एक हात कपाटाला लावायची, दुसरा हिच्या पावलावर. आईचे ओठ हलत होते. हिनंही मनात म्हटलं, देवा, घडवलंस तूच, आता मोजही तूच. मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. देवाकडे माणसं काय काय मागतात, आणि आपण मागतोय काय, तर दोन-तीन रेषा.

मैदानावर पहिलंच काम उंचीचं. भावानं तिला फाटकापर्यंत उचलून नेलं. तिथून आत उमेदवारालाच सोडतात, पण तिचा नंबर विसाच्या आतला होता, फार वेळ उभं राहावं लागलं नाही. मोजणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. त्यांची एक पद्धत होती. खांबाला पाठ लावून उभं केलं की टाचांखाली कागदाची पट्टी सरकवायची आणि ओढून बघायची. कागद निघाला की समजायचं, बाईनं टाचा उचलल्यात.

तिचा कागद हलला नाही. वरची दांडी डोक्याला टेकली.

"एकशे बासष्ट, दोन."

ती खांबापासून बाजूला निघाली. पण मॅडमनी तिच्या मनगटावर लाल शिक्का उठवला.

"हा कशाचा हो मॅडम?"

"काठापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असतील त्यांना सगळं झाल्यावर परत मोजायचं. यंदापासून. गेल्या वर्षी निम्म्या जणी स्ट्रेचरवर झोपून आल्या होत्या, बाई. आम्हाला कळत नाही होय?"

बाहेर कुंपणाशी भावाला हे सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मग आता हालचाल कमी कर. जेवढं करायला लागेल तेवढंच कर."

पण जेवढं करायला लागेल ते थोडं नव्हतं. ती आठशे मीटर पळाली, दोर चढली. दोन्हीचे मिळून अठ्ठावन्न गुण झाले. उरला होता पुतळा. पन्नास किलोचा, वाळू भरलेला. उमेदवार त्याला जावईबापू म्हणत, कारण उचलून घेतल्याशिवाय तो हलायचा नाही. त्याला साठ मीटर न्यायचं. खांद्यावर घालून नेला तर चाळीस गुण, काखेत हात घालून ओढत नेला तर वीस.

रांगेत उभ्या उभ्या तिनं हिशोब केला. ओढला तर अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षीची यादी अठ्ठ्याहत्तरवरच संपली होती, म्हणजे आशा होती आणि नव्हतीही. खांद्यावर घेतला तर अठ्ठ्याण्णव, मग यादीत नाव नक्की. पण ते पन्नास किलो बसणार कण्यावरच. म्हणजे उचललं तर उंची जाणार, ओढलं तर यादी. हा कसला दरवाजा, तिला वाटलं, आत यायचं तर वाका, आणि वाकलात तर आत घेणार नाही.

"ओढ गं!" भाऊ कुंपणावरून ओरडत होता. "उचलू नकोस! ओढ त्याला!"

शिट्टी वाजली. ओढायचंच असं तिनं ठरवलं होतं, अगदी पक्कं. पण आठ वर्षं ती ओल्या चादरींचे गठ्ठे उचलत आली होती. तिथं ओढायची मुभाच नव्हती, जमिनीला लागली की चादर पुन्हा धुवायची. ती खाली वाकली, हात पुतळ्याखाली गेले, गुडघे आपसूक मोडले, आणि कळेपर्यंत जावईबापू खांद्यावर होता. मग टाकायचा कसा? ती पळाली. अठ्ठेचाळीस सेकंदांत रेषेपलीकडे.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शीळ घातली. कुंपणापाशी भाऊ खाली बसला होता, डोक्याला हात लावून.

पुन्हा मोजायला दुपारचे तीन वाजले. तोवर लाल शिक्केवाल्या अकरा जणी एका बोळात भिंतीशी उभ्या. एक जण फरशीवर आडवी व्हायला गेली, तर शिपाई म्हणाला, "उठा ताई, हे काय झोपायचं ठिकाण आहे का?" बोळाला दोन्ही टोकांना दारं होती, दोन्ही बंद. ती ताठ उभी राहिली, श्वास वर ओढून, जणू श्वासावर उंची टांगता येते. पाठीत कळ बारीक बारीक उतरत होती. तिला वाटलं, आपण इथं उभ्या उभ्या झिजतोय, साबणाच्या वडीसारख्या.

"टाचा टेकवा. हनुवटी सरळ."

कागद सरकवला. ओढला. टाचा तिनं अशा दाबल्या होत्या की कागद फाटून अर्धा मॅडमच्या हातात आला.

"एकशे एकसष्ट, नऊ."

"मॅडम, परत एकदा."

मॅडमनी परत मोजलं. मग न सांगताच तिसऱ्यांदा मोजलं, दांडी अगदी हलक्या हातानं टेकवून. नऊच.

"पुतळा खांद्यावर नेलात ना? मी बघितलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "छान नेलात." आणि मग रकान्यात अपात्र लिहून सहीसाठी वही पुढे केली. तिनं सही केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर भावाला काही ते पटेना. "त्यांचा खांबच वाकडा असणार. एका रेषेसाठी? ये इकडे." त्यानं तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर वही धरली, पेन्सिलीनं खूण केली आणि टेप लावला. वहिनी म्हणाली, "तुम्ही वही तिरकी धरलीत. द्या इकडे." तिनं मोजलं. दोघांचं जुळेना. मग कुणाचं बरोबर यावरून जुंपली. वहिनीचे डोळे भरले होते. ते कशानं, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

"हनुवटी वर कर गं जरा."

"वर नको, खाली घे. हलू नकोस."

"अर्ज करू आपण. फेरमोजणी मागू. सकाळची वेळ मागू."

ती चौकटीला पाठ लावून उभी होती. डोक्यावर वही. चौथी खूण झाली, पाचवी झाली.

"मी बसते आता," ती म्हणाली.

"थांब, एकदाच."

"नाही दादा. बसते."

ती तिथंच उंबऱ्यापाशी फरशीवर बसली. भाऊ पेन्सिल हातात धरून तसाच उभा. आई आतून आली, तिच्याजवळ टेकली, आणि तिच्या मनगटावरचा लाल शिक्का पदराच्या टोकानं पुसू लागली. तो काही लगेच जाईना.

"सातचीच पाळी ना गं उद्या?" आईनं विचारलं.

"हो."

"मग डबा सहालाच करते," आई म्हणाली, आणि पदराला पाणी लावायला उठली.